लेसर समजून घेताना

आमचे घर हळदीच्या वासाचे आहे. सांगलीच्या गणपती पेठेत खाली पेढी आणि वर राहते घर; मध्ये एकच जिना. हंगामात पोती उघडली की तो वास वरच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. साहजिकच आमच्याकडे त्वचेच्या कोणत्याही तक्रारीवर पहिला उपाय हळदीचा. धाकट्या लेकीच्या हनुवटीवर सोळाव्या वर्षी चार-दोन काळे, राठ केस दिसू लागले, तेव्हा मी मसुराचे पीठ, आंबेहळद आणि साय कालवून उटणे केले आणि रोज चोळायला सांगितले. “वय वाढलं की जातील,” असे तिला म्हणाले. तिने तीन महिने निमूटपणे उटणे चोळले. केस गेले नाहीत. उलट जबड्याच्या कडेपर्यंत पसरले.

पुढची तीन वर्षे मी त्या केसांकडे पाहिले नाही, असेच म्हणावे लागेल. घरात माणसे अनेक, पेढीवरचे हिशेब माझ्याकडे, थोरल्याचे लग्न, पाहुण्यांची वर्दळ. मुलगी कॉलेजात हुशार होती, म्हणजे सारे ठीक आहे, असे मी धरून चालले. ती न्हाणीघरात फार वेळ लावते, यावरून मात्र मी तिला अनेकदा बोलले. एके दिवशी नळाच्या दुरुस्तीसाठी आत गेले, तेव्हा खिडकीच्या कोनाड्यात रुमालात गुंडाळलेला चिमटा, छोटा आरसा आणि विजेरी सापडली. रोज रात्री दार लावून ती हनुवटीवरचा एकेक केस उपटत होती. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला डोके दुखते म्हणून ती आली नव्हती. त्याचे खरे कारण त्या दिवशी मला कळले. तिथे उजेड फार होता आणि छायाचित्रकार जवळून टिपत होता.

अपराधी मनाने केलेला उपाय बहुधा घाईचा असतो. माझेही तसेच झाले. शहरातील एका सौंदर्यकेंद्राने लग्नसराईची सवलत जाहीर केली होती: सहा वेळा लेसर, केस कायमचे नाहीसे. मी लेकीला घेऊन गेले, पैशांची घासाघीस केली, चार हजार कमी करून घेतले आणि सगळी रक्कम आगाऊ भरली. तिथे तिला पाळी नियमित येते का, हे कोणी विचारले नाही. आठ दिवसांपूर्वीच दोऱ्याने केस काढले होते, हेही कोणी विचारले नाही. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही सम्मेद शिखरजीची यात्रा करून आलो होतो; सत्तावीस किलोमीटरची चढउतार आणि परिक्रमा उन्हात झाली होती, आणि लेकीचा चेहरा रापलेला होता. तेही त्यांच्या दृष्टीला पडले नाही. इंग्रजीत छापलेल्या एका कागदावर तिची सही घेतली. आमच्या पेढीवर न वाचता कोणी पावतीवरसुद्धा सही करत नाही. त्या दिवशी मात्र मी, “लवकर कर, पुढचा नंबर आहे,” असे तिला म्हणाले.

त्या रात्री तिच्या जबड्यावर आयताकृती लाल पट्टे उठले. दोन ठिकाणी फोड आले. आठवड्याने खपल्या पडल्या आणि खाली काळपट डाग राहिले. केस होते ते होतेच. आता झाकायला डागही झाले. मी जाब विचारायला गेले, तर त्यांनी तिच्या सहीचा कागद पुढे केला. माझ्याजवळ उत्तर नव्हते.

यानंतर आम्ही ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांच्यामुळे मला हा विषय समजला. त्यांनी पहिला अर्धा तास यंत्राचे नावही काढले नाही. पाळीच्या तारखा, वजन, मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ होतात का, घरात कोणाला मधुमेह आहे का, असे प्रश्न त्या लेकीला विचारत होत्या आणि उत्तरे मी देत होते. शेवटी त्या मला म्हणाल्या, “ताई, तिला बोलू द्या.” तेव्हा मला समजले, की दीड वर्षापासून तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते. मला ते माहीत नव्हते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या: पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर. सोनोग्राफीही झाली. निदान पीसीओएसचे निघाले. स्त्रीच्या शरीरात पुरुषी संप्रेरके थोड्या प्रमाणात असतातच. या विकारात त्यांचा प्रभाव वाढतो आणि हनुवटी, वरचा ओठ, छाती, पोट अशा जागी मऊ लव असते तिथे राठ केस येतात. हे अस्वच्छतेने होत नाही, वस्तरा लावल्याने होत नाही आणि मुलीच्या कोणत्याही चुकीने तर मुळीच होत नाही. केसांमागे शरीराचे काही सांगणे असू शकते आणि ते आधी ऐकले पाहिजे, हा त्या दिवसाचा पहिला धडा. प्रत्येकीला असा विकार असतो असे नाही; अनेकींच्या घराण्यातच केस दाट असतात. पण पाळी अनियमित असेल, केस झपाट्याने वाढत असतील, आवाज घोगरा होत असेल, तर लेसरच्या आधी डॉक्टरांकडे जावे.

लेकीला औषध सुरू झाले, चालणे आणि आहार ठरला. औषधाचा केसांवरील परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले. डाग निवळेपर्यंत लेसर करायचे नाही, असेही बजावले. मग मी त्यांना विचारले, “पण हे लेसर नेमकं करतं काय?” त्यांनी कागद ओढला आणि एका केसाचे चित्र काढले.

आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. जिवंत भाग त्वचेच्या खाली, रोमकूपात. केसाच्या दांड्यात आणि मुळाशी मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते. काळे कापड ऊन अधिक शोषते, त्याप्रमाणे हे रंगद्रव्य लेसरचा प्रकाश शोषते, त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता आजूबाजूच्या, केस पुन्हा उगवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचून त्यांना निकामी करते. प्रकाशाचा झोत सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता सोडतात. त्यामुळे मूळ तापते, पण भोवतालच्या त्वचेला उष्णता बाहेर टाकायला अवसर मिळतो. पहिला लेसर 1960 मध्ये अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी तयार केला. पण नेमक्या रंगाचे लक्ष्य निवडून तेवढेच तापवायचे, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या हार्वर्डच्या संशोधकांनी 1983 मध्ये मांडले, आणि केस काढण्यासाठी लेसरचा वापर त्यानंतर, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रुळला.

या तत्त्वातच त्याच्या मर्यादाही आहेत. लक्ष्य काळा रंग असल्यामुळे पांढऱ्या, पिकलेल्या वा अगदी फिकट केसांवर लेसर चालत नाही. माझ्या हनुवटीवरच्या पिकलेल्या केसांचा विषय डॉक्टरांनी हसून तिथेच संपवला. अशा केसांसाठी विजेच्या सुईने एकेक मूळ जाळण्याची पद्धत आहे. चार्ल्स मिशेल या अमेरिकन नेत्रवैद्याने पापण्यांचे आत वळलेले केस काढण्यासाठी 1875 मध्ये ती वापरली होती. ती आजही उपयोगी आहे, पण वेळखाऊ आहे.

दुसरी मर्यादा आपल्या त्वचेची. मेलॅनिन केसात असते तसेच त्वचेतही असते. गोऱ्या कातडीवर काळा केस ओळखणे प्रकाशाला सोपे. सावळ्या कातडीवर त्वचाच प्रकाश शोषून बसते आणि भाजते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून तिची वर्गवारी मांडली. आज ती सहा प्रकारांत सांगतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. यंत्रेही एकसारखी नसतात. अलेक्झांड्राइट लेसरची तरंगलांबी 755 नॅनोमीटर, डायोडची 800 ते 810 च्या आसपास, एनडी-यागची 1064. तरंगलांबी जितकी मोठी, तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या त्वचेतील रंगद्रव्यात कमी अडकतो. म्हणून सावळ्या त्वचेसाठी एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानतात. डायोडही योग्य मात्रेत आणि त्वचा नीट गार ठेवून आपल्याकडे सर्रास वापरतात. लेकीवर ज्या यंत्राचा प्रयोग झाला होता ते लेसर नव्हतेच. ते आयपीएल होते: अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश टाकणारा तीव्र दिवा. ते यंत्र वाईट नसते, पण जाणत्या हातात नसेल आणि त्वचा उन्हाने रापलेली असेल, तर काय होते ते आम्ही पाहिले होते.

आमच्या पेढीवर हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. वरून पिवळे दिसले म्हणून कोणी पोते उचलत नाही. लेकीच्या चेहऱ्याचा सौदा मात्र मी वरचे रंगीत पत्रक पाहून केला होता.

“कायमचे” या शब्दाचाही अर्थ त्या दिवशी कळला. अमेरिकेची औषध नियामक संस्था या यंत्रांना केस कायमचे कमी करण्याचा दावा करू देते. सगळे केस कायमचे नाहीसे होतील असा नव्हे. प्रत्येक केस वाढीच्या, संक्रमणाच्या आणि विश्रांतीच्या अवस्थेतून जातो. वाढीच्या अवस्थेत मूळ काळे आणि जिवंत असते, तेव्हाच लेसर लागू पडतो. आणि एका वेळी थोडेच केस त्या अवस्थेत असतात. म्हणून चेहऱ्यावर चार ते सहा आठवड्यांच्या, शरीरावर सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा जावे लागते. संप्रेरकांचा विकार असेल तर नवे केस तयार होत राहतात आणि वर्षातून एखाददुसऱ्या वेळी पुन्हा जावे लागते. क्वचित, विशेषतः चेहरा आणि मानेवर, लेसरनंतर केस उलट वाढल्याचीही उदाहरणे आहेत. हे सारे आधी सांगणारा माणूस विश्वासाचा, हे मी आता ओळखते.

सासूबाईंची शंका वेगळी होती. “हे किरण पोटात जातात का? उद्या मूलबाळ?” डॉक्टरांनी त्यांनाही समजावले. हा प्रकाश त्वचेत काही मिलिमीटर जातो. गर्भाशय फार दूर राहिले. क्ष-किरणांसारखी पेशीतील गुणसूत्रे मोडण्याची शक्ती त्यात नसते. गरोदरपणात मात्र खबरदारी म्हणून तो टाळतात.

डाग निवळण्याच्या त्या काळातच गावात आर्यिका माताजींचा केशलोच झाला. आम्ही सगळ्या गेलो. हाताला राख लावून माताजी स्वतःच्या मस्तकावरचे केस चिमटीने उपटत होत्या. चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. घरी येईपर्यंत लेक बोलली नाही. रात्री सासूबाईंच्या पायाशी बसून तिने विचारले, “आजी, मीही रोज तेच करते. मग मला रडू का येतं?”

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. रात्रिभोजन त्यांनी आयुष्यात केलेले नाही, आणि साजशृंगाराबद्दल त्यांचे मत आम्हा सुनांना चांगले ठाऊक आहे. मला वाटले, आता देह नश्वर असल्याचा उपदेश होणार. त्या म्हणाल्या, “माताजींनी आरसा सोडलाय, बाळ. तू आरशापुढे बसतेस. त्यांनी ते दुःख मागून घेतलंय. तुझं दुःख लोकांनी तुला दिलंय. दोन्ही एक कसं होईल?”

“म्हणजे मी लेसर केलं तर तो देहाचा मोह नाही?”

“रोज तासभर आरशात एकच हनुवटी बघणं, हा मोह नाही तर काय? त्यातून सुटत असशील तर सूट. पण परिमाण आधी ठरव. आज हनुवटी, उद्या नाक, परवा रंग, असं व्हायला लागलं तर ते कधी संपत नाही.”

परिग्रहाचे परिमाण आपण धन, धान्य, दागिन्यांचे करतो. चेहऱ्याचेही करता येते, हे मला सुचले नव्हते. लेकीने वहीच्या पानावर लिहिले: हनुवटी, जबडा आणि वरचा ओठ, आठ वेळा, त्यानंतर जे राहील ते राहील. खर्चाचा आकडाही खाली लिहिला. तेवढी रक्कम यांनी बाजूला काढून ठेवली. सौंदर्योपचार म्हणून मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, हे त्यांनी चौकशी करून आधीच पाहिले होते.

उपचार सुरू झाला तो पूर्वतयारीसह. चार ते सहा आठवडे आधी वॅक्स, दोरा, चिमटा बंद. कारण मूळच उपटले तर प्रकाश शोषणार कोण? वस्तरा किंवा कात्री चालते, त्याने मूळ जागेवर राहते. चिमटा न लावता चाळीस दिवस काढणे तिला सर्वांत जड गेले. त्या दिवसांत ती रोज सकाळी वस्तरा फिरवून कॉलेजात जात असे. वस्तऱ्याने केस जाड होतात हा समज खरा नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते टोचते, एवढेच. ऊन टाळणे आणि सनस्क्रीन लावणे नित्याचे झाले. चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः मुरुमांच्या, डॉक्टरांना सांगायच्या होत्या. पहिल्या दिवशी कानाखाली लहानशा जागी चाचणी घेतली, काही दिवस वाट पाहिली, आणि मगच चेहऱ्याला हात लावला. खोलीत सर्वांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे होते. पापण्या आणि भुवयांच्या आतील भागाला लेसर लावत नाहीत, कारण डोळ्याला इजा होऊ शकते.

दुखते का, असे मला अनेक भगिनी विचारतात. लेक सांगते, रबरबँड ताणून सोडल्यासारखे वाटते आणि जळलेल्या केसाचा वास येतो. त्वचा गार ठेवणारे टोक यंत्रालाच असते. बधिर करणारे मलम मात्र स्वतःच्या मनाने, मोठ्या भागावर चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळून कधीही जाऊ नये. असे करून अमेरिकेत दोन तरुण मुलींचा मृत्यू ओढवला होता आणि तिथल्या नियामक संस्थेने 2007 मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. नंतर दोन दिवस लाली आणि किंचित सूज राहते. पुढच्या एक-दोन आठवड्यांत जळलेले केस गळून पडतात. ते नवे केस उगवल्यासारखे दिसतात आणि मन खट्टू होते, घाबरू नये.

दशलक्षण पर्वाच्या दिवसांत आम्ही तारीख घेतली नाही. कोणी सांगितले नव्हते. लेकीनेच तसे ठरवले.

आठ वेळा झाल्यावर हिशेब असा: बहुतेक राठ केस गेले, उरलेले विरळ आणि मऊ झाले. जबड्यावरचा एक डाग बारकाईने पाहिले तर अजून दिसतो. तो माझ्या घाईचा. पाळी आता बरीच नियमित आहे, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचा तोच मोठा लाभ. लेसरचा विचार मनात नसता, तर त्या तपासण्या आणखी किती वर्षे लांबल्या असत्या, कोण जाणे.

मध्यंतरी एक स्थळ आले. पीसीओएसचे आत्ताच बोलू नये, असे घरातल्या काहींचे मत पडले. लेक म्हणाली, “बाबा, पोत्यात ओल असेल तर तुम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगता. मी पोतं नाही, पण सांगायचं असेल ते मीच सांगेन.” तिने सांगितले. पुढे ते स्थळ जमले नाही. कारण हेच होते की दुसरे, ते आम्ही विचारले नाही. त्या रात्री मी न्हाणीघराच्या दाराकडे कान लावून होते. ती पाच मिनिटांत बाहेर आली आणि झोपली.

ज्या घरात अशी मुलगी असेल, तिथल्या आईला माझे एवढेच सांगणे. लेसर करावे की करू नये, हे मुलीला ठरवू द्या. न करता वस्तरा वापरणारी किंवा केस तसेच ठेवणारी मुलगीही तितकीच शहाणी. करायचे ठरले, तर समोरचा माणूस त्वचारोगाचा पदवीधर आहे का, यंत्र कोणते, माझ्या त्वचेला ते चालेल का, चाचणी घेणार का, भाजले तर कोण पाहणार, हे पाच प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारा. आणि त्याही आधी एकदा तिच्याजवळ बसा. उटण्याची वाटी हातात न घेता बसा.

गेल्या दीपावलीला, सकाळी मंदिरात निर्वाण लाडू चढवून आल्यावर, संध्याकाळी पेढीवर वहीपूजन झाले. नव्या वहीवर पहिले पान लिहायला यांनी लेकीला बसवले. गादीच्या वर मोठा दिवा लागला होता आणि कोणीतरी फोटो काढत होते. तिने मान वर केली, “थांबा, तारीख लिहून होऊ दे,” म्हणाली, आणि पुन्हा लिहू लागली.